टाके तिचे, पेशंट मी

आमची लेक जन्मली तेव्हापासून ती बसायला लागली तोवर मला हार्ट अटॅक, मेंदूतली गाठ, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायूंची ताकद हळूहळू घालवणारा) आणि आतड्याचा कॅन्सर एवढे आजार होऊन गेले. यातलं मला काहीही झालेलं नव्हतं, हे बायकोला, आईला, फॅमिली डॉक्टरांना आणि सकाळच्या गाडीतल्या आमच्या ग्रुपला ठाऊक होतं. मी तेवढा बाकी होतो.

घराण्यात म्हणाल तर असलं काही नाही. आजी ९१व्या वर्षी गेली, तीही ओटीवरून पाय घसरून. वडील सत्तरी उलटली तरी जुन्नरकडे टोमॅटोचा प्लॉट स्वतः बघतात. मी पस्तिशीचा. तंबाखू नाही, दारू नाही, घरात माळ आहे म्हणून अंडंसुद्धा नाही (हे अंडं पुढे येणार आहे). वजन थोडं जास्त, चहा बराच जास्त. एवढ्या भांडवलावर मी आजारी पडलो.

सासूबाई सव्वा महिना डोंबिवलीला येऊन राहिल्या होत्या. तोवर सगळं रांगेत होतं. सकाळी मालिशवाल्या मावशी, मग लेकीची आंघोळ, धुरी, बायकोसाठी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. मग सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि सासूबाई गेल्या. रात्र आमच्या दोघांच्या अंगावर आली. बायकोचं सिझर झालेलं, तिला उठताना अजून पोटाला हात लावून उठावं लागायचं. लेक दर दोन तासांनी जागी. दूध पिऊन झालं की तिला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम माझं. ढेकर कधी पाच मिनिटांत यायचा, कधी पाऊण तास फेऱ्या मारल्या तरी नाही. सकाळी तसंच उठून ऑफिस. झोप कमी झाली की जांभया येतील असं मला वाटलं होतं. जांभया आल्याच नाहीत, धडधड आली.

पहिल्यांदा आली ती अशीच फेऱ्या मारताना. छातीत एक ठोका राहून गेल्यासारखा झाला, आणि मग आतून कुणीतरी धक्का दिल्यासारखा एक जोरदार ठोका. लेक खांद्यावर. पहिला विचार, आपण पडलो तर हिला कुठे ठेवायचं. तिला गादीच्या मधोमध ठेवलं आणि जमिनीवर बसून नाडी धरली. नाडी एकशे दहाच्या पुढे. (नाडी धरून बसलेल्या घाबरलेल्या माणसाची नाडी आणखी किती असणार, हे सुचायला पुढे बरेच महिने लागले.)

कॅज्युअल्टीत ईसीजी झाला, रक्तातलं ट्रोपोनिन झालं. दोन्ही नॉर्मल. ड्युटीवरच्या मुलीने, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल ती, रिपोर्टवर टिचकी मारून ‘सर, झोपा जरा’ म्हणून सांगितलं. रिक्षातून घरी येताना इतकं हलकं वाटलं की रिक्षावाल्याला वरचे पैसे ठेवायला सांगितले. तो हलकेपणा बरेच दिवस पुरला. मग एका रात्री वाचलं की हृदयाला इजा झाल्यावर ट्रोपोनिन वर यायला काही तास लागतात, म्हणून कधीकधी ते पुन्हा तपासतात. माझं पुन्हा तपासलंच नव्हतं! झालं. हलकेपणा गेला.

मग टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. नॉर्मल. मग ट्रेडमिलवर पळवून करतात ती स्ट्रेस टेस्ट. नॉर्मल. मग होल्टर, म्हणजे छातीला तारा चिकटवून चोवीस तास हिंडायचं. होल्टरच्या रिपोर्टात एकदाचं काहीतरी सापडलं: चोवीस तासांत लाखभर ठोके आणि त्यात शंभराच्या आत ‘एक्टोपिक’. कार्डिऑलॉजिस्टनी ते फार छान समजावलं. ठोका चुकत नाही, तो वेळेच्या आधी येऊन जातो. आधी आल्यामुळे हलका असतो, म्हणून जाणवत नाही. त्यानंतर हृदय किंचित जास्त थांबतं, तेवढ्यात त्यात जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला कळतो तो हा पुढचा. हृदय धडधाकट असेल तर अशा ठोक्यांना सहसा काही अर्थ नसतो. जागरण, चहा-कॉफी आणि काळजी यांनी ते वाढतात. माझ्याकडे तिन्ही होतं. मी मान डोलावली, फी दिली, आणि लिफ्टमध्ये बायकोला फोन लावला: ‘ते सहसा म्हणाले. सहसा म्हणजे काय?’

पहिल्या नॉर्मल रिपोर्टने मला कित्येक दिवस शांत झोप दिली होती, या शेवटच्याने लिफ्ट खाली येईपर्यंतसुद्धा दिली नाही. खाज आलेल्या जागी खाजवल्यावर वाटतं तसं ते बरं वाटणं होतं. जितकं खाजवाल तितकी पुढची खाज लवकर येते. पण हे कळायला मला दुसऱ्याने कागदावर काढून दाखवावं लागलं. तेव्हा मला वाटत होतं की आपण अजून योग्य टेस्टपर्यंत पोचलेलोच नाही.

गाडीचं सांगायलाच हवं. डोंबिवली ते दादर फास्ट लोकल मी अनेक वर्षं डोळे मिटून करत होतो. आता मुलुंड गेल्यावर घाटकोपर येईपर्यंत गाडी कुठेच थांबत नाही, या गोष्टीने तळहाताला घाम यायला लागला. म्हणून फास्ट सोडून स्लो धरली. वीसेक मिनिटं जास्त लागतात, पण दर दोन-चार मिनिटांनी स्टेशन. आणि डोक्यात दुसराच नकाशा: कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, ठाण्याला सिव्हिल, घाटकोपरला राजावाडी, सायनला लोकमान्य टिळक. सायन गेलं की जीव भांड्यात, कारण पुढे परळला केईएम आहेच. दाराजवळ उभा राहायचो, उतरता यावं म्हणून. ग्रुपला सांगितलं, ऑफिसची वेळ बदलली. त्यातल्या एकाने फलाटावर गाठून विचारलंच, तेव्हा छातीचं सांगितलं. ‘गॅस असेल रे, ओवा चाव.’ आपल्याकडे डोक्यापासून पायापर्यंत कुठेही दुखलं तरी पहिलं निदान गॅसच असतं, आणि राग याचा येतो की ते बऱ्याचदा बरोबरही असतं.

हृदयावरून गाडी पुढे सरकली ती मानेकडे. दाढी करताना जबड्याच्या खाली एक बारीक गाठ लागली, मटाराएवढी, बोटाखाली सरकणारी. आता दिवसातून किती वेळा तिला हात लागला असेल याचा हिशोब नाही. कॉम्प्युटरसमोर बसलो की डावा हात आपोआप मानेवर. लेकीला थोपटताना एक हात तिच्या पाठीवर, एक माझ्या मानेवर. दाबून दाबून ती जागा हुळहुळी झाली, मग दुखायला लागली, मग मला ती थोडी सुजल्यासारखीही लागली. दुखायला लागली म्हणजे वाढतेय! फॅमिली डॉक्टरांनी मान चाचपली, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, ‘हा भाग लाल कशाने झालाय?’

मग हातापायाला मुंग्या आणि डाव्या पापणीचं फडफडणं. मध्यरात्री लेक छातीवर झोपलेली, एका हातात फोन, ब्राइटनेस सगळ्यात खाली. पापणी फडफडणे, स्नायू उडणे, मुंग्या. तीन-चार टप्प्यांत मी मोटर न्यूरॉन डिसीजपर्यंत पोचलो. न्यूरॉलॉजिस्ट वयस्कर होते, घाई नव्हती त्यांना. मला टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. घोट्याच्या हाडावर थरथरता ट्यूनिंग फोर्क ठेवून विचारलं, थरथर कधी थांबली ते सांगा. गुडघ्यावर हातोडी. म्हणाले, तुम्हाला वाटतं तो आजार असता तर ताकद कमी झालेली दिसली असती. शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते, असलं काहीतरी. नुसतं फडफडणं जागरणाने होतं. आणि मग विचारलं, ‘तुम्ही शाकाहारी का?’

ते अंडं इथे आलं. रक्तातलं बी-१२ तपासलं ते दोनशेच्याही खाली निघालं. शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास असते, कारण बी-१२ भाजीपाल्यात मिळत नाही; दूध-दह्यातून मिळतं तेवढ्यावर भागवायचं, आणि माझं दूध चहात जाईल तेवढंच. इंजेक्शनांचा कोर्स झाला, काही आठवड्यांत मुंग्या गेल्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘सगळं मनाचं आहे’ हे वाक्य मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. मुंग्या खऱ्या होत्या. एक्टोपिक खरे होते. गाठही होती, ती साधी लसिकाग्रंथी होती. शरीर खरंच काहीतरी बोलत होतं, फक्त मी प्रत्येक वेळी त्याचा शेवटचा अर्थ आधी काढत होतो. आणि दुसरं असं की खरा दोष सापडून, उपचार होऊनही मला शांत वाटलं नाही. उलट, बघा, एक होतंच ना, मग दुसरंही असेल, असं झालं.

लेकीच्या बाबतीतही हेच. ती झोपेत श्वास घेता घेता मधेच थांबायची. पाच सेकंद, सात सेकंद, मग भराभर चार-पाच श्वास. मी पाळण्याशी मोबाइलचं घड्याळ लावून बसायचो. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, लहान बाळांचा श्वास असाच अनियमित असतो; दहा सेकंदांपर्यंतचा थांबा चालतो, वीस सेकंद थांबला किंवा बाळ निळं-ढिलं पडलं तर मात्र धावत यायचं. मोजायचंच असेल तर पूर्ण एक मिनिट मोजा, बाळ शांत असताना. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ किंवा जास्त, छातीखालचा भाग आत ओढला जातोय, दूध घेत नाही, किंवा तीन महिन्यांच्या आत १००.४ डिग्री ताप, यातलं काही दिसलं तर रात्र-दिवस बघायचा नाही. हे आकडे मला फार उपयोगी पडले. पण मी ते वापरले कसे? रोज रात्री मोजायला. सत्तेचाळीस. पुन्हा. एकावन्न. वाढले का?

आई गावाहून आली ती नातीची दृष्ट काढायला. मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन लेकीवरून उतरवल्या, मग मला म्हणाली, ‘तूही बस.’ मी बसलो. मिरच्या तव्यावर टाकल्या आणि ठसका लागला नाही. ‘बघ, किती लागली होती ती!’ त्या रात्री मला बरी झोप लागली. इकोपेक्षा जास्त वेळ टिकली ती, एवढं नोंदवतो आणि पुढे जातो.

बायकोचा बांध फुटला तो माझ्या कुठल्या आजारावर नाही. मी रात्री अडीचला दिवा लावला आणि तिला म्हटलं, ‘जरा बघ ना, माझ्या डोळ्याच्या बाहुल्या सारख्या आहेत का?’ ती दूध पाजत होती. तिने बघितलं नाही. म्हणाली, ‘अरे, टाके माझे, पेशंट तू. मला उठताना अजून दुखतं हे तू शेवटचं कधी विचारलंस? तू मेलास तर काय ही काळजी तुला आहे, आणि तू इथे असून नसतोस त्याचं मी काय करू?’ लेक रडायला लागली, मग दोघंही गप्प.

दुसऱ्या दिवशी मी फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, बाहुल्या दाखवायला नव्हे. ते मला कॉलेजपासून ओळखतात. म्हणाले, ‘तुला आता माझी गरज नाही, माझ्याकडे येतोस म्हणून तुझं वाढतंय. मी तुला तपासत राहीन, तू येत राहशील.’ आणि सायकियाट्रिस्टच्या नावाची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी पाकिटात किती दिवस राहिली ते सांगत नाही. गंमत म्हणजे तपासणीसाठी दंडातून रक्त काढून घ्यायला मी कुठेही, कधीही तयार होतो, आणि इथे नुसतं बोलायचं तर पाय जड.

सायकियाट्रिस्टनी पाऊण तास घेतला. झोप किती, चहा किती, घरात रात्री कोण कधी उठतं, मरणाचे विचार म्हणजे भीतीचे की इच्छेचे. थायरॉइडची एक तपासणी लिहून दिली; थायरॉइड वाढलं तरी धडधड होते, म्हणून. मग फाइल पुढे ओढून म्हणाल्या, ‘ही शेवटची. यापुढे तुम्हाला वाटलं म्हणून एकही टेस्ट नाही. डॉक्टरला वाटलं तरच.’ बाप झाल्यावर हे सुरू होणारे पुरुष येतात त्यांच्याकडे, पण आधी चार स्पेशालिस्ट फिरून येतात. जाताना त्यांनी बायकोसाठी दहा प्रश्नांचा एक कागद दिला. एडिनबरोत १९८७ साली तयार झालेली प्रश्नावली आहे ती, बाळंतिणीचं मन कसं आहे हे चाचपायला जगभर वापरतात. बायकोने तो ओट्याशी उभ्या उभ्या भरला. तीस पैकी तिचे दहाच्या वर आले. म्हणजे आजार आहेच असं नाही, पण भेटायला हवं असा इशारा. म्हणजे घरातला सगळा आवाज माझा होता आणि खरं दमलेलं माणूस गप्प होतं. तिची गोष्ट तिला सांगायची असेल तर ती सांगेल. ती पुढे बरी झाली एवढं मी सांगतो.

मला गोळी सुरू झाली, एसएसआरआय प्रकारातली, म्हणजे चिंता-नैराश्यावर देतात ती. पाकिटातला कागद वाचू नका असं मला सांगितलं होतं. मी वाचला. मळमळ, घाम, धडधड, सुरुवातीला घबराट वाढू शकते. पहिला आठवडा-दीड आठवडा खरंच वाईट गेला. डॉक्टरांनी तसं आधीच बजावलं होतं, अगदी कमी डोसने सुरुवात केली होती, आणि फोन करायची मुभा दिली होती म्हणून टिकलो. तीन-चार आठवड्यांनी फरक जाणवला, पण वेगळ्याच ठिकाणी. ठोका पूर्वीसारखाच उडाला आणि मी भांडी घासत राहिलो. नंतर लक्षात आलं की मी नाडी धरली नाही.

त्याच सुमाराला सायकॉलॉजिस्टकडची सेशन्स सुरू झाली. सीबीटी म्हणतात ती पद्धत, विचारांची आणि सवयींची साखळी तोडायला शिकवणारी. पहिल्या दिवशी त्यांनी कोऱ्या कागदावर एक वर्तुळ काढलं. वर लिहिलं ‘ठोका’. तिथून बाण ‘अटॅक’. तिथून ‘भीती’. तिथून ‘अ‍ॅड्रिनलिन’. तिथून पुन्हा ‘ठोका’. मग बाजूला एक छोटा फाटा: ‘नाडी, गुगल, बायको, टेस्ट’, त्यापुढे ‘बरं वाटलं’, आणि तो बाण घेऊन परत वर. ‘तुम्ही इथून निसटताय असं तुम्हाला वाटतं, पण हा फाटाच तुम्हाला परत वर आणून सोडतो.’

मग म्हणाले, ‘लागोपाठ पाच वेळा आवंढा गिळा. पाणी न पिता.’ करून बघा. तिसऱ्यानंतर घसा ऐकत नाही, पाचव्याला घशात गोळा अडकल्यासारखा होतो. ‘हा ट्यूमर दोन मिनिटांपूर्वी होता का?’ मी हसलो. मानेचं असंच केलं. आठवडाभर उजवी बाजू, जिथे गाठ नव्हती ती, ठरवून रोज दाबायची आणि डाव्या बाजूला बोट लावायचं नाही. आठवड्याअखेरीस उजवी दुखत होती, डावी थंड. मला कुठल्याही सोनोग्राफीने दिला नसता असा तो रिपोर्ट.

बाकी काम कंटाळवाणं होतं आणि तेच मुख्य होतं. मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात. बीपीचं मशीन शेजारच्या आजोबांकडे. फोनवर शोधावंसं वाटलं की शोधायचं नाही, वहीत लिहायचं, आणि संध्याकाळी साडेसहाला वीस मिनिटं बसून त्या यादीची काळजी करायची. रात्री तीनला प्राणघातक असलेलं साडेसहाला बहुतेक वेळा वाचूनसुद्धा कळायचं नाही, ‘डावी पोटरी???’ एवढंच लिहिलेलं. चार मजले जिने धावत चढायचे आणि वर पोचल्यावर नाडी न बघता उभं राहायचं, छाती उडू द्यायची. पहिल्यांदा मी शेवटच्या मजल्यावर कठडा धरून उभा होतो आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू ‘लिफ्ट बंद आहे का?’ म्हणून बाहेर आल्या.

सगळ्यात अवघड होतं ते बायकोला न विचारणं. एका सेशनला ती लेकीला घेऊन आली आणि एक वाक्य ठरलं. मी ‘हे काही गंभीर असेल का?’ विचारलं की ती म्हणणार, ‘याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय. चहा देऊ?’ (पुढे चहाऐवजी ताक झालं.) पहिले काही दिवस मला ते वाक्य दुष्टपणाचं वाटायचं. तिला बरं वाटायचं, असं ती नंतर म्हणाली. निदान रोज रात्री डॉक्टर व्हावं लागत नव्हतं.

आणि झोप. हे मी इतकं खाली लिहितोय, पण क्रमाने पहिलं हेच असायला हवं. रात्रीचे दोन तुकडे केले. नऊ ते दोन तिची झोप, दुसऱ्या खोलीत, दार लावून. त्या वेळचं एक पाजणं माझ्याकडे. ती पंपाने दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायची, मी भांडं गरम पाण्यात धरून कोमट करायचो आणि वाटी-चमच्याने पाजायचो; बाटली नको असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं. चमचा खालच्या ओठाला टेकवून थांबायचं, ओतायचं नाही, ती जिभेने ओढून घेते. निम्मं दूध लाळेऱ्यावर. दोनला मी त्या बंद खोलीत जायचो आणि सातपर्यंत मेल्यासारखा झोपायचो. सलग पाच तास. ज्या गोष्टीसाठी मी इतके रिपोर्ट काढले होते ती अर्धीअधिक या दाराने गेली असं माझं प्रामाणिक मत आहे. गोळीचं श्रेय किती, सेशनचं किती, झोपेचं किती, हे वेगळं काढता येत नाही. पण ज्या घरात आजी-आजोबा, मावशी, कुणीही एक रात्र सांभाळायला तयार असेल त्यांनी खेळणी आणू नयेत, ती रात्र द्यावी.

फॅमिली डॉक्टरांनी एक नियम लिहून दिला, तो फ्रिजवर आहे. श्रम केल्यावर छातीत दाटतं आणि थांबल्यावर कमी होतं, दुखणं हात-जबड्याकडे जातं, घाम फुटतो, चक्कर येऊन शुद्ध हरपते, एका बाजूची ताकद जाते: लगेच हॉस्पिटल, विचार करायचा नाही. बाकी नवीन काहीही: दोन आठवडे थांबायचं, तरी असेल तर त्यांना एक फोन. बहुतेक गोष्टी दोन आठवडे टिकत नाहीत. एक टिकली, तो खांदा होता, लेकीला एकाच बाजूला घेऊन धरलेला.

मध्ये उलटलंही. लेकीला नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस दिली, त्यानंतर तिला ताप आला आणि त्याच आठवड्यात मला व्हायरल. तीन रात्री जागरण, आणि चौथ्या दिवशी माझा हात मानेवर. वही पुन्हा काढावी लागली. सायकॉलॉजिस्टना त्याचं काही वाटलं नाही. जागरण झालं की हे येणार, ते म्हणाले, आलं की काय करायचं ते तुम्हाला येतं. गोळी अजून चालू आहे. बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायची आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवायची, एकदम सोडायची नाही. वर्षातून एकदा दिवाळीनंतर नेहमीच्या तपासण्या, आणि बी-१२.

फास्ट गाडी पुन्हा धरली आहे. मुलुंड ते घाटकोपर अजून मोजतो कधीकधी. ग्रुपमध्ये मी हे सगळं एकदा सांगून टाकलं, थोडं हसवत. त्यावर बरंच हसं झालं. मग एक जण, ज्याचा मुलगा अजून तीन महिन्यांचाही नाही, दादरला माझ्याबरोबर उतरला आणि जिन्यावर म्हणाला, तुझा डॉक्टर कुठे बसतो? मी पत्ता दिला. फी जास्त वाटली तर सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी असते, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे; २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्याने नंबर सेव्ह केला. ‘पण मला खरंच काही असेल तर?’ मी विचारलं, ईसीजी कधी काढलायस? कधीच नाही म्हणाला. मग त्याला आधी तो काढून घ्यायला सांगितला.